खोकला

तेगुसिगाल्पाहून पिंजरा आला तेव्हा
आत पक्षी नव्हता, एक म्हातारी होती.
खों खों करून खोकली, घसा खाकरला,
मग शांतपणे म्हणाली, "दार लाव गं."

पिंजरा आणणारा भाचा ओशाळला.
मावशी फेब्रुवारीत गेली म्हणे, दम्यानं.
अठ्ठावीस वर्षं हा तिच्या स्वयंपाकघरात,
गोड कॉफीत बुडवलेला पाव खात.
मी पंख उचलून पाहिला:
कात्रीनं सरळ रेषेत छाटलेली पिसं,
छातीवर मुठीएवढी उघडी कातडी,
तिथली त्यानंच उपटलेली.

आम्ही मिस्कितो. आमच्यात याला अपू पाउनी म्हणतात.
पाइनच्या विरळ रानात, उंच गवतावरून
जोडी जाते तेव्हा आधी भांडण ऐकू येतं,
मग लाल दिसतं.
अख्ख्या थव्यातही जोडी ओळखू येते,
पंखाला पंख लागेल इतकंच अंतर,
मरेपर्यंत.
(नवरा गेल्यापासून हे मी पाहुण्यांना सांगत नाही.)

पाइनचं हिरवं बोंड पुढं केलं,
तर दुसऱ्या कुणाची वस्तू असल्यासारखं पाहिलं त्यानं.
नान्सेची पिवळी फळं तुडवली.
रानबदाम मी दगडानं फोडते, दोनदा बोट चेचून;
त्याला ठाऊकच नव्हतं
आपल्या तोंडात अडकित्ता आहे ते.
शेवटी पाव दिला. हो, दिला.
रोज एक बोट कमी,
कॉफीत रोज थोडं पाणी जास्त,
पावाच्या पोटात भात, घेवडा, मग बदामाचा चुरा.
जूनमध्ये वाटीत नुसतं पाणी उरलं
आणि तो माझ्याकडे बघत राहिला
हिशेब न जुळलेल्या दुकानदारासारखा.

पिल्लांचं काम वेगळं.
सिप्रियानो ती आणायचा पूर्वी, विकायला.
साठ फूट उंच, एक दोर आणि अनवाणी पाय.
आईबाप डोक्यावर घिरट्या घालत किंचाळायचे,
हा मान खाली घालून मोजायचा: दोन, कधी तीन.
आजही तो त्याच झाडांवर चढतो.
ढोलीतलं धाकटं उपाशी असलं तर खाली आणतो,
कातडीत शिरलेल्या अळ्या चिमट्यानं काढतो.
मी मनगटावर थेंब टाकून पेज पारखते.
गार झाली तर गळ्याच्या पिशवीत साचते,
कढत असली तर पिशवीच भाजते.
भरलेली पिशवी बोटाला कशी लागावी?
कानाच्या पाळीसारखी.
रात्री बंदूक घेऊन झाडाखाली तोच बसतो.
"चोर कुठून चढतात ते मला ठाऊक," म्हणतो
आणि हसत नाही.
आमच्यातलंही कुणी हसत नाही.

छाटलेल्या पिसांचे खुंट एकेक करून गळतात.
नवं पीस रक्तानं भरून येतं,
तेव्हा हात लावायचा नसतो.
दुसऱ्या वर्षी एका सकाळी तो छपरावर होता,
दुपारी आंब्यावर,
मग चार दिवस कुठंच नाही.
वाटीत दाणे ठेवत राहिले. मुंग्यांनी नेले.

काल पहाटे नदीपलीकडे, पाइनच्या शेंड्यावर
कुणीतरी खोकलं.
"दार लाव" नाही, तेवढं विसरला असावा.
नुसता तो दमेकरी, ओला खोकला,
जिला मी कधी पाहिलं नाही त्या बाईचा.
आणि त्याच्यामागोमाग, जरा हलका,
जरा चुकत चुकत,
दुसरा.

त्या मादीनं जन्मात छप्पर पाहिलेलं नाही.