पाणसळ

सुनावणी वर्किंग्टनला, हॉटेलच्या पहिल्या मजल्यावर,
जिथे शनिवारी लग्नं लागतात.
खुर्च्यांच्या पाठींना अजून सॅटिनच्या फिती होत्या.
टिनियन भावाचा सूट घालून आला, बाह्या मनगटाच्या वर.
मी मानेचा पट्टा घरी ठेवून आलो होतो. मुद्दाम.

भिंतीवर त्यांनी आमचा रविवार लावला.
एकतिसावं मिनिट. चिखल.
मी चेंडू पोटाशी धरून मुसंडी मारतोय
आणि टिनियनचा खांदा माझ्या मांड्यांखाली शिरतोय.
मग हळू. फारच हळू.
माझे बूट आभाळाकडे निघतात,
कुणी त्यांना कामाला पाठवल्यासारखे.
इतकं सावकाश दाखवलं की
शिंकसुद्धा ठरवून काढल्यासारखी दिसते.

अध्यक्ष हॉल्डरनेसबाईंनी चित्र थांबवलं,
त्यावर एक पिवळी रेघ ओढली. आडवी.
"अंग या रेघेच्या पलीकडे उलटलं की टॅकल धोकादायक."
रेघ त्यांनी मागच्या कुंपणावरून घेतली होती.
मी म्हणालो, बाई, ते कुंपण माझ्या ओळखीचं आहे,
खाडीच्या अंगाला चार बोटं उतरतं.
मी गवंडी आहे, बावीस वर्षं विटा लावतोय.
आडवं काय ते डोळ्यांनी ठरत नाही,
पाणसळ ठेवावी लागते,
आणि बुडबुडा थांबेपर्यंत गप्प बसावं लागतं.
मागे कुणीतरी हसलं.
बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. चार बोटं, बहुतेक.

मग ते चित्र.
मी उलटा, तोंड उघडं, आणि माझ्या मानेवर
टिनियनचा पंजा.
आमचा सेक्रेटरी, एरवी बंदरावर मासळीचा हिशेब लिहितो,
उभा राहून म्हणाला, बघा, तो मान सावरतोय.
समोरचा म्हणाला, बघा, तो मान दाबतोय.
बोटं तीच पाच.
सगळे माझ्याकडे वळले,
जणू माझ्या मानेलाच आठवणार.
मला आठवत होता गवताचा वास,
आणि कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं ते.
मी म्हणालो, सावरत होता.

चार सामने. म्हणजे फायनलही गेली.
मार्चमध्ये वरच्या लीगमधल्या एका देखण्या पोराला
याच उचलीला एकच सामना मिळाला होता,
ते सेक्रेटरीने तारखेसकट सांगितलं.
प्रत्येक टॅकल वेगळा, बाई म्हणाल्या.
मग रेघ एकच कशी, हे विचारायचं राहून गेलं.
अपील केलं.
त्याबद्दल आणखी एक सामना. कारण: निराधार अपील.
भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं.

गावात आता दोन तट आहेत.
पबमधले म्हणतात, आपल्या गरीब क्लबावर दात आहे त्यांचा.
शाळेतली नर्स, जिचा भाऊ अठराव्या वर्षापासून
चाकाच्या खुर्चीत आहे, म्हणते, पाच कमीच झाले.
तिच्यापुढे मी काही बोलत नाही.
टिनियनची आई मला दुकानात पाहून दुसऱ्या रांगेत जाते.
माझी मान मोडली असती,
तर निदान शिक्षा तरी पटली असती तिला.

त्या रात्री परतताना गाडी तोच चालवत होता.
मेरीपोर्टच्या अलीकडे, बराच वेळ गप्प राहून,
"तू तसं का म्हणालास?"
कसं?
"सावरत होता असं."
म्हटलं, सावरत नव्हतास का?
वायपर दोनदा फिरले. पाऊस थांबून बराच वेळ झाला होता.
"मला आठवत नाही," तो म्हणाला,
"देवाशप्पथ, पंचवीस वेळा पाहिलं ते,
आता फक्त ते चित्रच आठवतं."

डावीकडे समुद्र होता.
"भरती बघ," तो म्हणाला.
मी हो म्हणालो, समोरच बघत.
मान डावीकडे वळत नाही,
हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.