वळ

इंगवलेबाई मारत नव्हत्या.
हे आधीच सांगून टाकतो,
कारण समितीची माणसं आली तेव्हा
त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं,
शर्ट वर करायला लावले, पाठी बघितल्या
आणि वहीत लिहिलं : मुले सुस्थितीत.

बाईंकडे एकच वाक्य होतं.
"ठेवून घेतलंय तुला. विसरू नकोस."
हळू म्हणायच्या, वाढता वाढता,
आमटीच्या पळीबरोबर.
आमटी गरम असायची. खोटं कशाला बोलू.

दिलावर अंथरूण ओलं करायचा, नऊ वर्षांचा घोडा.
एका सकाळी सगळ्यांदेखत त्याला विचारलं,
"आई काय उगं टाकून गेली व्हय रं तुला?"
तो हसला. आम्हीही हसलो.
मी जरा जास्तच मोठ्यानं,
त्या दिवशी पाळी माझी नव्हती म्हणून.

तेव्हापासून दुपारचे चार वाजले
की तो पाण्याला शिवायचा नाही.
एप्रिलात. कोल्हापूरच्या एप्रिलात.

मी मोजायला शिकलो.
खिडकीचे गज अकरा.
कारखान्याच्या भोंग्यापर्यंत श्वास किती.
राग आला की मोज, रडू आलं की मोज.
भूक मात्र आकड्यांना भीत नाही.

एकदा कुणी मॅडम आल्या, रंगीत खडू घेऊन.
"आपापलं घर काढा."
आम्ही दोन डोंगर काढले, मधे सूर्य.
दिलावरनं हजेरीपट काढला,
स्वतःच्या नावापुढं फुली.
मॅडमनी कागद उलटा धरला, सुलटा धरला,
मग पर्समधली पाण्याची बाटली त्याच्यापुढं ठेवली.
त्यानं घेतली नाही.
चार वाजून गेले होते.

आता मी उद्यमनगरात ओतकामाला आहे.
पहिल्याच आठवड्यात घाईनं साचा फोडायला गेलो,
तर सुतारमिस्त्रींनी मनगट धरलं.
"गार हू दे की लेका. तापल्यालं उघडलं तर तडकतंय."
रागाबद्दल मला कुणी नीट सांगितलेली
ती पहिली गोष्ट.
ते लोखंडाबद्दल बोलत होते.

बायको दुसरी भाकरी वाढते
तेव्हा अजून बघतो, कुणाच्या वाटणीची.

परवा समृद्धीच्या हातून काचेचा ग्लास फुटला.
वाक्य आलं.
बाईंचंच, त्यांच्याच हळू आवाजात,
पार दातांपर्यंत.
मी उठलो. बाहेर पायरीवर जाऊन बसलो.
एक. दोन. तीन.

ती मागून आली.
हातभर अंतर राखून बसली
आणि मोजायला लागली माझ्याबरोबर.
सहावरून थेट आठ.
मी दुरुस्त केलं नाही.

पन्नासच्या आसपास कुठंतरी
दोघांचेही आकडे चुकले.
मग आत गेलो,
आधी तिच्या पायात चपला घातल्या,
आणि काचा गोळा केल्या.