तहकूब डाव

कुताइसीत, रिओनी नदीच्या पुलाजवळ,
तिसऱ्या मजल्यावर लामारा
दोन पेनड्राइव्ह पुढ्यात ठेवून बसली आहे,
पांढरं घ्यावं की काळं, अशा चेहऱ्यानं.

जुनी प्रणाली तिनं परवाच हाकलली.
अकरा दिवस इंजिन एकाच स्थितीवर विचार करत होतं
आणि बाराव्या पहाटे यंत्रानं, न विचारता,
स्वतःला अपडेट करून घेतलं.
पडदा स्वच्छ. निळा. नम्र.
"डाव चालू असताना पंचानंच पट पुसला," ती म्हणाली,
आणि पुढचं जे म्हणाली
ते जॉर्जियनमध्येच राहू दे.

भाचा झाझा सांगतो, डेबियन घे,
अडलं तर विचारायला माणूस मिळतो.
खालचा घड्याळजी नोदार म्हणतो, फ्रीबीएसडी.
कमी बोलतं. सगळं एका हातचं.
माझ्याकडे नऊ वर्षं एक खोकं अखंड चालू आहे,
कुठल्या कपाटात, ते मात्र विसरलो.

ती दोन्ही लावून पाहते.
सेकंदाला किती स्थिती, जांभळ्या शाईनं वहीत.
फरक इतकाच, जितका दोन हत्तींत असतो.
डेबियनवर इंजिन आयतं मिळतं.
नोदारच्या वाटेनं ते स्वतः रांधायचं तिनं ठरवलं,
आणि एका ओळीपाशी घोडं पेंड खाऊ लागलं.
झाझा हसला. ती नाही.
तीन रात्री, चष्मा कपाळावर,
अडीच अडीच घरं सरकत राहिली.
चौथ्या रात्री काळ्या पडद्यावर
तांदळाएवढा ठिपका लुकलुकला:
बोला.

मग तिनं ती स्थिती भरली.
बातुमी, अठ्ठ्याहत्तर सालचा हिवाळा.
समोर एतेरी, काळी मोहरी.
एतेरीनं चाल लिहिली, पाकिटात घातली, डाव तहकूब.
सकाळी पाकीट उघडण्याआधीच
तिनं बरोबरी मागितली, आणि हिनं दिली.
का दिली, हे लामाराला अजून सुटलेलं नाही.
पाकिटात काय होतं, हे सांगायला
एतेरी आता नाही.

पंखा घरघरतो. खोक्यावर ती हात ठेवते,
ताप पाहावा तसा.
खोली एकतीस: बरोबरी.
अडतीस: बरोबरी.
चव्वेचाळीसला पांढरं किंचित वर,
प्याद्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं.

आणि गल्लीतली वीज गेली.

जिन्यातून नोदार ओरडतो, कुठली ठेवलीस शेवटी?
ती मेणबत्ती शोधते. लाकडी पट हाताला लागतो.
अंधारातच सोंगट्या मांडते,
उंट कुठला, वजीर कुठला, बोटांना कळतं.
चाल काळ्याची आहे.
ती हात मांडीवर घेते
आणि थांबते.