उरलेला क्लोरीन

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी घणसोली गावात असते,
काथोड मढवींच्या ओट्यावर, नळाशी.
पहिलं पाणी सोडून द्यायचं, मग काचेची नळी भरायची.
दोन थेंब. पाणी पिवळं झालं की
काथोडदादा म्हणतात, "झाली का गो हलद?"
झाली, दादा.
शून्य पॉइंट चार. वहीत लिहिते: ठीक.

ज्या वर्षी हळद उतरली नाही
त्या वर्षी याच गल्लीतून अकरा माणसं अ‍ॅम्ब्युलन्सने गेली.
माझा धाकटा भाऊ त्यातला.
सलाईनला शीर सापडेना.
म्हणून क्लोरीनला कुणी नावं ठेवली
की मला आधी राग येतो.
कागद नंतर आठवतो.

पावसाळ्यात धरणात सगळा डोंगर उतरतो,
ऐन, किंजळ, करवंदीची पानं, शेण, गवत.
पाण्याला कोऱ्या चहाचा रंग.
तुरटीने रंग जातो, पान पुरतं जात नाही.
जे उरतं त्याला क्लोरीन गाठतो
अंधाऱ्या पाईपात, किलोमीटरमागून किलोमीटर,
आणि दोघांचं मिळून जे होतं
त्याचं नाव वाचताना मी दोनदा अडखळले:
ट्रायहॅलोमिथेन.
त्यातलं एक क्लोरोफॉर्म.
हो, सिनेमातल्या रुमालावरचं तेच.

इथे रुमाल नाही.
अब्जातले काही भाग, रोज,
चहात, भातात, गरम आंघोळीच्या वाफेत,
वीस वर्षं, तीस वर्षं.
मूत्राशयाचा कर्करोग, म्हणतात.
म्हणतात म्हणजे आकडे तसं सुचवतात,
शपथ घेत नाहीत.
माझ्या नळीला हे दिसत नाही.
माझ्या वहीत त्याला रकाना नाही.

दर्शना, माझी भाची, सातवा लागलाय,
ऐरोलीहून फोन करते:
"मावशी, तू तर पाणीखात्यातली.
नळाचं पिऊ ना गं?"
पी, म्हणते मी.
मग म्हणते, उकळ, पण झाकण ठेवू नको.
निवलं की वर फडकं टाक.
आणि आंघोळीला खिडकी उघडी ठेव, लोक काय बघतील ते बघू देत.
ती गप्प.
"म्हणजे पिऊ ना?"

दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन वहीत एक उभी रेघ ओढली.
नवा रकाना. वर नाव नाही घातलं.
सह्या करताना साहेब थांबले,
हे काय, मढवीबाई?
म्हटलं, पानांसाठी.
"वहीची पानं संपली का?"
नाही साहेब.
डोंगराची.