मागचा-पुढचा विचार

किथलीच्या गॅरेजात सरफराजनं
टायरच्या खाचेत वीस पेन्सचं नाणं उभं केलं.
नाण्याची कड सगळी बाहेर राहिली,
हिरडी सुटलेल्या दातासारखी.
"संपले," तो म्हणाला. "चारही."

मांडणीवर दोन जाती.
एक नामांकित घराण्यातली, नगाला एकशे अठरा पौंड.
दुसरीचं नाव सरफराजलाही धड उच्चारता येत नव्हतं,
चोपन्न.
दोन्हींच्या अंगावर तोच शिक्का,
तीन शिखरं आणि आत हिमाचं फूल.
दोन्ही बारमाही, दोन्ही काळ्याकुट्ट.

मडकं घेताना आपण वाजवून घेतो.
मी दोघांना टिचकी मारली.
दोघंही मुके.

मग त्यानं मला अंगणात नेलं, रिमझिम होती.
"ओल्या रस्त्यावर, पन्नासच्या वेगात ब्रेक दाबलास
तर महागडा इथं थांबेल,
आणि तो दुसरा
तिकडे, त्या पांढऱ्या व्हॅनच्या दारापाशी."
मी चालून मोजलं. अठरा पावलं.
चार टायरांमागे दोनशे छप्पन्न पौंडांचा फरक,
म्हणजे पावलाला चौदा.

चौदा पौंड म्हणजे
एका म्हाताऱ्याची आंघोळ,
एका म्हातारीच्या गोळ्या आणि लापशी,
शिवाय तिसऱ्या कुणाचा तरी एक मोजा.
घरात शिरल्यापासूनचे पैसे मिळतात मला.
एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंतची वाट
कंपनीच्या हिशेबात नाही.
तिथं फक्त रबर झिजतं,
ते माझं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरं,
पण इथं पायच विकत घ्यायचे होते.
"दोन हे दे, दोन ते," मी म्हणाले.
सरफराजचा चेहरा आंबला.
"चारही एकाच जातीचे घे. स्वस्तातले घे हवं तर."
मी हटले नाही.
"बरं. मग चांगले मागे."

मागे?
इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे,
पुढे मी बसते, माझी पर्स बसते.
मागच्या सीटवर हातमोज्यांचे खोके आणि डायपरची पिशवी.

हात पुसत तो म्हणाला,
"पुढचे घसरले तर तुला कळतं. गाडी वळत नाही, तू पाय काढतेस.
मागचे घसरले तर गाडी गिरकी घेते,
आणि जिथून आलीस तिकडे तोंड करून तू उभी.
उभी राहिलीस तर."

आपण म्हणतो ना, मागचा-पुढचा विचार.
मागचा शब्द आधी का, हे सत्तेचाळीस वर्षं
मला कुणी विचारलं नव्हतं.

फेब्रुवारीत, सकाळी सव्वासहाला,
ऑक्सनहोपच्या उतारावर
दिव्यांच्या उजेडात एक मेंढी, शेपटीकडून.
पुढची चाकं जराशी सुटली,
चोपन्न चोपन्नची,
साबणाची वडी हातातून निसटते तशी.
मी पाय काढला.
मागे काहीच झालं नाही.
मेंढी वळून बघत राहिली, हलली नाही,
शेवटी मीच मागे घेऊन बाजूनं गेले.

चार स्वस्तातले असते तरी कदाचित हेच झालं असतं.
महागडे पुढे असते तरीही.
दोनशे छप्पन्नातले अर्धे मी कशाला दिले
ते त्या मेंढीलाही सांगता यायचं नाही.

सात मिनिटं उशीर.
हिल्डा बूथरॉइड खिडकीत, गाऊनवर कोट घालून.
"रस्त्यावर बर्फ होतं?"
"थोडं."
चहा ठेवला. तिची काठी भिंतीला टेकवताना
खालचं रबरी बूच पाहिलं,
गुळगुळीत, तळाशी लोखंड दिसायला लागलेलं.
वीस पेन्स काढायची गरज नव्हती.

"नवं आणते उद्या."
"कितीला मिळतं?"
"दोन प्रकारची असतात," मी म्हणाले,
आणि तिचा डावा पाय मांडीवर घेतला,
मोजा चढवायला.