नमुना क्रमांक तीन

सीबीएसच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान.
झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन.
स्टॅम्प पेपरची चौकशी करू नये.

अकरा वर्षं मी इथे लोकांचे बायोडाटा करते.
कळवणहून, पेठहून, सुरगाण्याहून पोरं येतात
कॅरीबॅगेत मार्कशीट गुंडाळून.
ती पुटपुटतात, मी इंग्रजीत ऐकते.
मेहनती, प्रामाणिक, कुठेही काम करण्यास तयार...
या शब्दांसाठी खाली बघावं लागत नाही,
बोटं आपली आपण जातात,
संध्याकाळी म्हशी गोठ्याकडे जातात तशी.

एकाला वक्तशीर लिहिलं.
म्हणाला, म्हणजे काय?
म्हटलं, वेळेवर येणारा.
बराच वेळ गप्प राहिला.
"सुरगाण्याची एसटी वेळेवर आली तर, असं लिहा ना ताई."
नाही लिहिलं.
त्या पानावर तेवढंच एक खरं झालं असतं.

आज शटर अर्धं ओढून घेतलंय.
बागूलशेठ मेव्हणीच्या पोरीच्या साखरपुड्याला देवळालीत.
आडगावला नर्सिंग कॉलेजात जागा निघाली आहे.
प्रशासकीय सहायक, पद एक, वयोमर्यादा पंचेचाळीस.
मला डिसेंबरात पंचेचाळीस पूर्ण होतात.

नमुना क्रमांक तीन उघडते. साधा, बिनफुलांचा.
याच्यावर बेलिफाच्या पोरीला नोकरी लागली होती.

नाव, सुलभा भास्कर गांगुर्डे.
मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं?
दोघंही भास्करच. लग्नात तेवढीच एक
कागदपत्रांची सोय झाली.

उद्दिष्ट.
लोकांना लिहून देते ते पाठ आहे,
संस्थेच्या प्रगतीतून स्वतःची प्रगती साधणे.
माझं उद्दिष्ट
सात तारखेच्या आत पगार,
पाठ टेकता येईल अशी खुर्ची,
आणि बायकांचं वेगळं बाथरूम, कडी आतून लागणारं.
लिहून बघते. चांगलं दिसतं.
मग पुसते आणि प्रगती साधते.

अनुभव, अकरा वर्षं, संगणक चालक.
चांदोरीचे एक आजोबा प्रतिज्ञापत्र घेऊन गेले,
गट नंबर दोनशे बाराचा दोनशे एकवीस झालेला,
चूक माझीच, शेठला अजून माहीत नाही.
कोर्टाच्या जिन्यात गाठलं त्यांना,
चप्पल काउंटरखालीच राहिली होती.
हे कुठल्या रकान्यात बसवायचं?
बारकाव्यांकडे लक्ष, एवढंच लिहिते.
अनवाणी असण्याला नमुन्यात जागा नाही.

भाषा, मराठी, हिंदी, इंग्रजी.
अहिराणी लिहू?
सटाण्याकडची म्हातारी काउंटरला धरून
"काय व्हयनं वं माय" म्हणते
तेव्हा शेठ संगणकाकडे नाही, माझ्याकडे बघतात.
लिहिते. बाकीच्या तिघींइतक्याच ठळक अक्षरात.

छंद. वाचन, असं सगळेच लिहितात.
मीही लिहिते. खोटं नाही,
अकरा वर्षं दुसऱ्यांचंच वाचतेय.

संदर्भासाठी दोन व्यक्ती, नातेवाईक नसाव्यात.
एक, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी शिरसाठ काका.
दुसरी जागा रिकामी.
माझं काम रोज बघणारा माणूस एकच आहे,
आणि त्याला आज साखरपुड्यात जेवण गोड लागू दे.

प्रिंटर दोनदा खोकतो, मग देतो.
पानं कोमट आहेत.
फाइल आपसूक जाऊन बसते सगळ्यांच्या फोल्डरात
गायकवाड आणि गावितच्या मध्ये,
जणू ती जागा कुणी रुमाल टाकून धरली होती.

वही ओढते. तारीख.
बायोडाटा, पानं दोन, काळी-पांढरी, सौ. गांगुर्डे, रोख.
टायपिंगचे पैसे धरायचे का?
पेन हवेत थांबतं.
बाहेर कुणीतरी शटर वाजवतंय, "ताई, एकच झेरॉक्स."

धरते.
साठ रुपये गल्ल्यात टाकते
आणि शटर वर करते.