निरंक

रशीदचाचांच्या वहीत तारीख, तारखेपुढं वेळ,
वेळेपुढं एकच शब्द: निरंक.
तलाठ्याच्या हाताचं वाटावं असं अक्षर.
अशा अकरा वह्या
बेदाणा शेडच्या माळ्यावर, गंधकाच्या पोत्याला टेकून.

मी खाली जाळ्यांवरचे मणी हलवायला यायची.
वरून सारखी खरखर.
एकदा विचारलं, कढई घासताय काय चाचा?
म्हणाले, वर ये.

त्याला सहा वर्षं झाली.
परीक्षा दिली, लायसन आलं,
आईनं देवापुढं ठेवलं, नोकरीचा कागद समजून.

पन्नास मेगाहर्ट्झ.
चाचा म्हणतात, हा बँड म्हणजे गावातला नळ.
मग स्वतःच खोडतात: नळाला निदान वार ठरलेला असतो.
वर, ढगांच्याही खूप वर
आभाळ कधीमधी साय धरतं,
आणि आपला आवाज तिच्यावर आपटून
समुद्रापलीकडं उतरतो.
कधी धरतं, का धरतं, पुस्तकात आहे.
संध्याकाळ पुस्तक वाचत नाही.

तीस वर्षं त्यांनी टीव्ही दुरुस्त केले.
एका मे महिन्यात, विट्याच्या गलाईवाल्याच्या घरी
बातम्यांच्या जागी कुणी परकी बाई आली,
पडद्यावरच्या मुंग्यांतून चार मिनिटं बोलली.
घरमालक म्हणाला, बिघाड आहे, काढा तो.
त्या दिवशी चाचांनी पैसे घेतले नाहीत.
तेव्हापासून हे.

अँटेनाचे पाच दांडे, दहा-दहा फुटांचे,
द्राक्षबागेच्या मोडक्या अँगलवर उभे.
फिरवायला बैलाचा कासरा.
ओढला की नैऋत्य,
सोडला की वाऱ्याची मर्जी.

पाडव्यानंतरचा शनिवार, साडेसात.
चाचा दूध आणायला गेले.
"दहा मिनिटांत येतो. कासऱ्याला हात लावू नको."
मी लावला नाही.
खरखरीच्या तळाशी काहीतरी फडफडलं,
पत्र्यावर कबुतर उतरावं तसं.
मग अक्षरं. मग माणूस.
थ्री बी एट.
मॉरिशस!

माझा आवाज मलाच माझा वाटेना.
मी फाइव्ह-फाइव्ह दिले, त्यानं फाइव्ह-सेव्हन.
एमके सत्त्याहत्तर, मी म्हटलं, तासगाव,
तालुका तासगाव, जिल्हा सांगली.
तालुका सांगायची काही गरज नव्हती.
तो थांबला.
मग नाव, एकेक अक्षर सुटं करून:
ब्राव्हो, अल्फा, पापा, ऑस्कर, ऑस्कर.

कुठले हो तुम्ही बापू?
हे मी मराठीत विचारलं.
उत्तरातलं "आ" तेवढं आलं.
आमचे, आजा, की नुसतंच आउट,
देव जाणे.
धुरी दिल्यावर शेडचं दार बसतं
तशी खरखर बसली.

फाटकाला सायकल टेकल्याचा आवाज.
चाचांनी पिशवी खिळ्याला अडकवली, वही पाहिली,
माझी ओळ दोनदा वाचली.
"पंचावन्न?" म्हणाले. "जास्त दिलेस."

पुढं कुणी बोललं नाही.
स्टोव्हवर दूध उतू गेलं, त्यांनी पुसलं नाही.
हेडफोन एका कानाला, कासरा एका हातात,
नैऋत्य, जरा पश्चिम, पुन्हा नैऋत्य.
शेजारच्या मळ्यात मोटार सुरू झाली
तेव्हा शिवी दिली, हळू,
बँडला ऐकू जाऊ नये अशी.

दहा वाजता माझ्या ओळीखाली लिहिलं:
७.५२ ते १०.०४. निरंक.
अक्षर नेहमीपेक्षा जरा बारीक.
आणि समासात, पेन्सिलीनं:
दूध उद्यापासून सकाळीच आणणे.